शंभर फील्ड

पहिले आठ दिवस मला मायक्रोस्कोपला हात लावू दिला नाही. काचा धुवायला बसवलं. साबणाच्या पाण्यातून काढायच्या, नळाखाली धरायच्या, स्पिरिटात बुडवून सुती फडक्यानं पुसायच्या आणि कडेनं धरून उजेडात बघायच्या. कडेनंच, सपाट बाजूला बोट लागलं की ती काच परत साबणात. बोटाचं तेल राहिलं तर रक्त नीट पसरत नाही, मध्येच भोकं पडतात. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेला, मी आले होते पांढऱ्या कोटाच्या ओढीनं, आणि घरी सांगत होते की भांडी घासते आहे. आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. "तिथं तरी नीट घासतेस ना?" एवढंच तिनं विचारलं.

मग बोट टोचणं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट, तान्ह्या बाळाच्या पायाचा अंगठा. स्पिरिट पूर्ण सुकू द्यायचं, पहिला थेंब कोरड्या कापसानं टिपून टाकायचा. एकाच काचेवर दोन स्मिअर. एकीकडे तीन थेंब एकत्र करून छोटासा गोल, तो थिक. दुसरीकडे एकच थेंब, दुसऱ्या काचेच्या कडेनं तिरपा सरकवत जिभेसारखा पसरवलेला, तो थिन. नंबर थिनवरच पेन्सिलीनं घालायचा. वाळलेल्या रक्तावर लिहिता येतं हे मला तेव्हा कळलं. थिक जमला की नाही हे पाहायला आमचे सर वर्तमानपत्राचा तुकडा काचेखाली सरकवत. खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. माझ्या पहिल्या स्मिअरखाली काहीच दिसेना, दुसऱ्याखाली सगळी बातमी दिसली.

चंद्रपूर, आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन जिल्ह्यांत लॅबचं शिक्षण म्हणजे आधी मलेरिया. बाकीचं, म्हणजे हिमोग्लोबिन, लघवी, थुंकी, मागाहून. पावसाळा लागला की धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या काचांचे गठ्ठे येतात. त्या रंगवायला आमच्याकडे जेएसबी. यातली पहिली दोन अक्षरं एका माणसाची आणि तिसरं दुसऱ्याचं, जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. 1944 साली त्यांनी हा रंग बसवला. गीम्सा रंग देखणा, पण अर्धा तास खातो. जेएसबीचं काम मिनिटभरात उरकतं, आणि ज्या टेबलावर साठ काचा पडल्या आहेत तिथं देखणेपणाला कोण विचारतं?

पॉझिटिव्ह ओळखायला शिकणं सोपं होतं. लोकांना हे उलट वाटतं. फाल्सिपेरमची बारीक अंगठी, कधी एका पेशीत दोन, कधी एकाच अंगठीला दोन खडे. त्याचीच पुढची अवस्था म्हणजे चंद्रकोर. ती एकदा पाहिली की जन्मात विसरत नाही. व्हायवॅक्सची पेशी फुगलेली, आत ठिपके आणि वेडावाकडा पसरलेला जीव. फसवणारेही असतात: रंगाचा गाळ, पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेट, काचेवरचा ओरखडा. पण महिनाभरात डोळा बसतो.

डोळा बसत नाही तो निगेटिव्हला. नियम असा की थिक स्मिअरची शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. फील्ड म्हणजे तेलाच्या लेन्समधून एका वेळी दिसणारं वर्तुळ. बांधीत नांगर फिरतो तशी काच फिरवायची, एक तास संपला की दुसरा, मधली जागा सुटता कामा नये. सरांनी मला दहा चिंचोके दिले होते. दहा फील्ड झाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. पॉझिटिव्ह काच कधी तिसऱ्या फील्डलाच संपते. निगेटिव्ह मात्र दहाही चिंचोके मागते. जिथं काहीच नाही तिथं सगळ्यात जास्त वेळ बघायचं, हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

माझी चूक मात्र चिंचोक्यांची नव्हती. एका ग्रामीण ठिकाणी शिकाऊ म्हणून होते. रात्री काचा वाळत ठेवल्या आणि वर झाकण घालायचं राहिलं. मुंग्यांना रक्त आवडतं, झुरळांनाही. सकाळी एका थिकचा मधला भाग खाऊन टाकलेला, कडेला नुसती कंगोऱ्यासारखी किनार. ती किनार मी प्रामाणिकपणे बघितली, तिथं काही नव्हतं, आणि रजिस्टरमध्ये निगेटिव्ह लिहिलं. चार दिवसांनी तोच मुलगा बापाच्या पाठीवर परत आला. या वेळच्या काचेत पाचव्या फील्डला अंगठ्या. मुलगा वाचला. सरांनी जुनी काच काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मला त्यातून बाहेरचं सागाचं झाड दाखवलं. बोलले काही नाहीत.

त्या काचेवर लिहायचा शब्द होता 'अयोग्य', नमुना पुन्हा घ्यावा. मी लिहिलं होतं 'नाही'. मराठीत 'नाही' आणि 'दिसलं नाही' यांत जे अंतर आहे त्यावर आमचा सगळा धंदा उभा आहे. 'दिसलं नाही' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणाला? किती बघितलंस? 'नाही'ला असा मालकच नसतो. म्हणून अहवालात 'आढळले नाही' लिहितात. ती सरकारी भाषा आहे असं मला वाटायचं. एखाद्या सरकारी शब्दात इतका विनय असेल असं कुणाच्या मनात येईल?

रोनाल्ड रॉसची गोष्ट प्रत्येक कोर्सला असते, फक्त शेवटून सांगतात: 20 ऑगस्ट 1897, सिकंदराबाद, डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू. सिकंदराबाद आमच्या सिरोंचापासून फार लांब नाही, गोदावरी ओलांडून खालच्या अंगाला. मला त्या दिवसाआधीची दोन वर्षं जास्त जवळची वाटतात. माणूस डासामागून डास फाडतोय आणि आत काही नाही. घामानं मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते, आयपीस तडकलेला होता, आणि पंखा ओढायचा तर डास उडून जाणार. चंद्रपूरच्या मे महिन्यात काच वाळेपर्यंत पंखा बंद ठेवून बसले की मला हमखास तो आठवतो. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रोगी डासांना स्वतःला चावू देई, एका डासाला एक आणा या दरानं. आणि गंमत अशी की रॉसची ती सगळी निगेटिव्ह बरोबर होती! डासच चुकीच्या जातीचे होते, त्यांच्यात जंतू नव्हताच. इतकी वर्षं बरोबर 'नाही' लिहीत बसायचं म्हणजे काय, हे शंभर फील्ड मोजणाऱ्यालाच कळावं.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषानं 'नाही'ची आणखी एक बाजू दाखवली. सोल्युबिलिटी टेस्ट सोपी असते. नळीत द्रावण, त्यात बोटाचं थोडं रक्त, नळीमागे काळ्या रेघांचा कागद. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पॉझिटिव्ह. थिकखाली बातमी वाचायची, नळीतून रेघा. आमचं निम्मं शिक्षण रक्ताच्या आडून कागद वाचण्याचं आहे. पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याच्या रक्तात अजून आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, आणि रेघा स्वच्छ दिसूनही बाळाला सिकलसेल असू शकतो. फारच रक्त कमी असलेल्या माणसाचंही तसंच. म्हणजे इथं 'नाही'ला वय असतं. पॉझिटिव्हही अर्धंच बोलतं: वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस केल्याशिवाय कळत नाही. लग्न ठरायच्या वेळी त्या अर्ध्या उत्तरावर घरं अडतात. दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणाला रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक, हे मी पोरींना चार चिंचोके मांडून सांगते.

मलेरिया आणि सिकलसेल एकाच जंगलात का, हे मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नाही. 1954 साली अँथनी अ‍ॅलिसननं आफ्रिकेतल्या कामावरून दाखवलं की सिकलसेलच्या वाहकाला फाल्सिपेरमपासून थोडं संरक्षण मिळतं. काचेवर मी जी अंगठी शोधते तिनंच पिढ्यान्‌पिढ्या दुसरी चाचणी पॉझिटिव्ह करून ठेवली आहे. हे वाचलं त्या दिवशी मी काम थांबवून चहा प्यायला गेले.

आता आशाताई टोल्यावरच किटवर चाचणी करतात. वीस मिनिटांत रेघ उमटते, गोळ्या लगेच सुरू होतात. मला त्याचा आनंदच आहे. फक्त फाल्सिपेरमचं किट गोळ्या संपल्यावरही काही आठवडे रेघ दाखवत राहतं, कारण जंतू मेला तरी त्याचं प्रथिन रक्तात उरतं. तेव्हा पुन्हा ताप आला की काच येते माझ्याकडेच.

एक गोष्ट मला अजून नीट जमलेली नाही. पॉझिटिव्हला गोळ्या मिळतात. निगेटिव्हला नुसता कागद. चार कोस चालत आलेला माडिया म्हातारा विचारतो, मग हा ताप कशाचा? गावचा पुजारी त्याला कधी 'काही नाही' म्हणून परत पाठवत नाही. तो काहीतरी सांगतोच. मी त्याला 'नेत्तुर' म्हणजे रक्त, इतपत तोडकं बोलून जोहार घालते आणि डॉक्टरांच्या खोलीकडे बोट दाखवते.

हत्तीरोगाची रात्रपाळी मला आवडायची. हत्तीरोगाचे बारीक जंत दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या सुमारास, अंगभरच्या रक्तात उतरतात. त्याच माणसाचं त्याच बोटाचं रक्त दुपारी 'नाही' सांगतं आणि मध्यरात्री 'आहे'. म्हणून पथक रात्री निघतं. दारं बंद, कुत्री अंगावर, झोपेतून उठवलेली माणसं वैतागलेली. अशा वेळी आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं युक्ती काढली: दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागली की झाडीपट्टीचं नाटक असलेलं गाव धरायचं. सगळं गाव मांडवात, रात्रभर जागं.

वडसा-आरमोरीच्या बाजूला एका मांडवाबाहेर आम्ही कंदिलाशेजारी टेबल मांडलं होतं. मध्यंतरात रांग लागली. रांगेत एक राजा आला, तोंडाला रंग, डोक्यावर मुकुट. हात पुढे केला तर बोटांनाही रंग. दोनदा स्पिरिट लावलं तरी कापूस लालच येत होता. टोचल्यावर तो म्हणाला, "लवकर बाई, मला मरायचं आहे." त्याचा पुढचा प्रवेश मरणाचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची काच रंगवली. कडेला स्पिरिटाला न गेलेल्या रंगाचा एक गुलाबी फराटा होता. पूर्ण स्मिअर बघितला, तास न सोडता, आणि लिहिलं: आढळले नाहीत. मग पत्ता बघितला. नाटक कंपनी पहाटेच पुढच्या गावाला गेली होती, आणि गावाच्या रकान्यात आमच्या पोरानं नुसतं 'नाटकवाला' लिहून ठेवलं होतं.