पहिली पसंती कुणाची?

मे महिना म्हणजे आम्हां बायकांच्याच परीक्षेचा महिना. कैऱ्या, पापड, वर्षाचा मसाला आणि आमच्या वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात सुके बोंबील नि सोडे डब्यांत भरून ठेवणं. पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं. २०२५ च्या मे महिन्यात या यादीत आणखी एक काम आलं. थोरलीचा दहावीचा निकाल १३ तारखेला लागला आणि अकरावीचा अर्ज भरायची वेळ आली.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आमच्या वेळी कॉलेजात जाऊन फॉर्म आणायचा, भरायचा नि खिडकीत द्यायचा. पण त्या वर्षीपासून साऱ्या महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. मुंबई-पुण्याच्या आयांना ही पद्धत जुनी, आम्हांला मात्र सगळंच नवं.

पहिली धावपळ कागदांची. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. सगळं एका पिशवीत होतं, म्हणून मी निर्धास्त! बघते तर एका दाखल्यावर यांच्या नावातली एक वेलांटीच चुकलेली. तेवढ्या वेलांटीपायी एका कार्यालयाच्या तीन खेपा झाल्या. आमचे हे डायमेकर, दागिन्यांचे पोलादी साचे कोरतात. ते म्हणाले, "केसभर चुकलं तर आमचा अख्खा साचा बाद होतो. कागदाचंही तसंच असतं." तेव्हा बायांनो, मुलं नववीत असतानाच एकदा सगळे कागद जमिनीवर पसरून नावं ताडून बघा. निकालानंतर सगळं गाव त्याच रांगेत असतं.

पण मला सांगायचंय ते कागदांचं नाही. ते पुढेच आहे.

अर्जाचे भाग दोन. पहिल्यात मुलाची माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं. लेकीने आपला क्रम वहीत लिहून ठेवला होता. सायन्सच घ्यायचं आणि पहिलं नाव पालघरच्या एका कॉलेजचं. आमच्या जवळचं, रिक्षाने जाण्याजोगं कॉलेज तिसरं.

मला ते पटेना. वाणगावपर्यंत रिक्षा, पुढे गाडी, गाडीतली गर्दी, पावसात गाड्या उशिरा. शिवाय जूनपासून मासेमारी बंद. सासूबाईंची मासळीची पाटी बंद म्हणजे घरात एक मिळकत कमी. पास, रिक्षा, डबा, सगळा हिशेब मी मनात मांडला. सायन्स तर जवळही होतं. मग एवढा आटापिटा कशाला?

त्या संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली होती. फोन माझ्याच हाती होता. मी अर्ज उघडला आणि जवळचं कॉलेज सरळ पहिल्या नंबरावर टाकलं. पालघर नेलं तिसऱ्यावर. मनाला समजावलं, आईला काय मुलीचं वाईट करायचंय? फक्त लॉक करायचं ठेवून दिलं, तिच्यासमोर करू म्हणून.

रात्री तिने ते पाहिलं. मला वाटलं, रडेल, आदळआपट करेल. तसं काहीच केलं नाही. एवढंच विचारलं, "आई, हा अर्ज माझा आहे की तुझा?"

मी चिडले. म्हटलं, "रोज गाडीने कोण पाठवणार तुला?"

आणि बोलता बोलता गप्पच झाले. कारण हे वाक्य माझं नव्हतंच, माझ्या बाबांचं होतं. २००३ साली मी दहावी झाले तेव्हा मलाही सायन्सला जायचं होतं. बाबा हेच म्हणाले होते, याच शब्दांत. माझा फॉर्म त्यांनी आणलाच नाही. जवळच्या आर्ट्सला गेले, बारावी झाले, लग्न झालं. पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं ते हिला मांडीवर घेऊन. आज शाळेत तासिकांवर शिकवते, त्याचं समाधान आहे. पण जीवशास्त्राच्या बाईंनी एकदा भिंगाखाली दाखवलेला माशाचा खवला अजून डोळ्यांपुढून जात नाही. बाबांच्या वेळी डहाणूपर्यंत लोकलसुद्धा नव्हती, ती २०१३ साली आली. त्यांची निदान ती अडचण तरी होती. माझी कोणती होती?

सासूबाई दारात बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी डोक्यावर पाटी घेऊन गाडीनेच फिरले ना गं? मला कुणी विचारलं नाही कोण पाठवणार ते."

मग मी लेकीला विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं. पालघरच का? म्हणाली, "तिथली प्रयोगशाळा आम्ही शाळेतून बघितली होती. मला पुढे रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाला जायचंय. बारावीनंतर सीईटी असते. शेजारी वाढवणला बंदर होणार, २०२४ मध्ये मंजूर झालं. पुढे समुद्राचं नि मासळीचं काय होईल ते सगळे नुसतं बोलतात. समजणारं आपल्या घरातलं कुणीतरी नको?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने आपला क्रम पुन्हा लावला, यांनी एकेक ओळ साच्यासारखी तपासली आणि अर्ज लॉक झाला.

पहिली यादी लागली. नाव आलं ते जवळच्याच कॉलेजात! खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. पण नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. खालच्या पसंतीचं लागलं तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. थांबलं की हातातली जागा मात्र जाते. लेक म्हणाली, "थांबते." त्या दिवसांत माझी झोप उडाली. दुसऱ्या यादीत पालघर लागलं.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळचा माझा क्रम तसाच राहिला असता, तर पहिल्याच यादीत जवळचं कॉलेज 'पहिली पसंती' म्हणून लागलं असतं आणि नियमाने तिला तिथेच जावं लागलं असतं. दोष कुणाला देता आला नसता. अर्जावर नाव तिचं, पसंती माझी!

कॉलेज सुरू झालं त्या पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर बायकांच्या डब्यातून पालघरपर्यंत गेले. गर्दी होती, पण मी समजत होते तेवढी नव्हती. परत येताना एकटीच होते. खिडकीतून बघत मनाशी म्हटलं, बाई गं, या गाडीत चढायला तुला बावीस वर्षं लागली.

तेव्हा मैत्रिणींनो, कागद तुम्ही गोळा करा, तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा, पैशांचा हिशेब मुलांना मोकळेपणी सांगा. तोही त्यांना कळायला हवा. पण पसंतीचा रकाना आला, की जरा बाजूला सरून बसा. आपली भीती त्यांच्या अक्षरात लिहू नका.