यॉर्कच्या भिंतीवरचा एक शब्द

विलायतेहून परतलेला मराठी माणूस लंडनचे गोडवे गातो, शेक्सपिअरचे गाव पाहिल्याचे सांगतो. यॉर्कचे नाव मात्र क्वचितच काढतो. वास्तविक लंडनच्या किंग्ज क्रॉसवर गाडीत बसावे, एक डुलकी काढावी, की दोन तासांत यॉर्क येते. रोमन लोकांनी इ. स. ७१ मध्ये वसवलेले, आज सुमारे दोन लाख वस्तीचे हे शहर. भोवती साडेतीन किलोमीटरचा जुना तट, आणि त्यावरून खुशाल फिरता येते.

माझी भाची आणि तिची जोडीदारीण यांचा तिकडचा बेत आखायला बसलो, तेव्हा थंडी, पाऊस आणि शाकाहार यांच्याही आधी ताईने विचारले, "अरे, दोघींनी एक खोली मागितली आणि कुणी नाही म्हटलं तर?"

प्रश्न आईचा होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला खरा; पण "या दोघी कोण?" असे कुणी विचारले, की घरातली वडीलधारी अजून "मैत्रिणी" म्हणून मोकळी होतात. इंग्लंडात अशा जोडप्याला खोली नाकारणे बेकायदा आहे. एका पाहुणघराच्या मालकांनी धर्माचे कारण सांगून दोघा पुरुषांना खोली नाकारली, तेव्हा प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये मालक हरले. ताईला म्हटले, निश्चिंत राहा.

मुक्काम तटाच्या आतच करावा. पहिला दिवस मिन्स्टर या प्रचंड चर्चचा. त्याचे बांधकाम अडीचशे वर्षे चालले. पूर्वेची रंगीत काचांची भव्य खिडकी १४०८ मध्ये पुरी झाली. जवळच शॅम्बल्स, खाटकांची जुनी गल्ली. तिथले वरचे मजले इतके पुढे झुकलेले, की समोरासमोरच्या शेजारणींनी खिडकीतूनच वाटीभर साखर उसनी घ्यावी!

दुसरा दिवस गुडरमगेटवरच्या होली ट्रिनिटी या चिमुकल्या चर्चसाठी राखावा. १८३४ च्या ईस्टरला ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर या दोघींनी इथे एकत्र प्रसाद घेतला आणि आपले लग्न लागले असे मानले. कायद्याने तशी लग्ने लागू लागली ती २०१४ मध्ये! लिस्टरबाईंच्या अवाढव्य रोजनिशीचा सुमारे सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत आहे. त्या लिपीचे मूळ यॉर्कच्याच किंग्ज मॅनर या वाड्यातल्या शाळेत, एलायझा रेन या मैत्रिणीच्या सहवासात. एलायझा मद्रासची, वडील कंपनीचे डॉक्टर, आई भारतीय. पुढे तिला वेडी ठरवून कोंडले गेले. १८६० मध्ये ती वारली. शेजारच्या ऑस्बल्डविक गावी तिची कबर आहे. दोन फुले तिथेही वाहावीत.

२०१८ मध्ये त्या चर्चपाशी लिस्टरबाईंच्या नावाची इंद्रधनुष्यी काठाची पाटी लागली. तीत त्यांच्या उद्योजकतेचा आणि वॉकरबाईंशी जडलेल्या निष्ठेचा उल्लेख होता. 'लेस्बियन' हा शब्द तेवढा गाळला होता. लोकांनी हरकत घेतली. २०१९ मध्ये नवी पाटी आली, त्या शब्दासकट. चर्चचा एक दगडही हलला नाही.

तेव्हा छत्री घ्यावी, गरम कपडे घ्यावेत, आणि "बरोबर कोण गेलंय?" या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर घरातल्यांनी आधीच ठरवून ठेवावे. यॉर्कला आपली पाटी दुरुस्त करायला वर्षही लागले नाही.