मोडीचा भाव

बँकेतील माझी अखेरची काही वर्षे थकीत कर्जांच्या विभागात गेली. तेथे तारण मालमत्तेच्या कागदावर बहुधा दोन आकडे असत. ती वस्तू आहे तशी, चालू स्थितीत विकली तर येणारी रक्कम हा पहिला, आणि मोडून, सुटी करून विकली तर येणारी रक्कम हा दुसरा. कर्जदाराची नजर पहिल्या आकड्यावर, तर बँकेची दुसऱ्यावर. वर्षानुवर्षे हेच काम केल्यावर कोणतीही जुनी वास्तू दिसली, की तिच्या सागवानाचा आणि दगडाचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात आम्ही उभयतांनी सायकलवरून चार दिवस प्रवास केला, तेव्हा हे दोन्ही आकडे मला एकाच खोऱ्यात शेजारी शेजारी पाहावयास मिळाले.

आमची कन्या नोकरीनिमित्त लियॉं शहरी असते. ‘बाबा, मोठी शहरे सगळेच पाहतात, तुम्ही खेडी पाहा,’ असा तिचा आग्रह. माझे वय चौसष्ट, सौ.चे एकसष्ट. या वयात परदेशात सायकल, हे ऐकून नातेवाईक हसले. परंतु कन्येने निवडलेला मार्ग मोठा सोयीचा निघाला. माकों शहराजवळून निघून क्लुनी, कोर्मातां, सॅं-जांगू, ब्यूसी, जिव्री अशी गावे घेत शालोंपर्यंत जाणारा हा मार्ग बराचसा एका बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जागेवरून जातो. आगगाडीला तीव्र चढ मानवत नाही, म्हणून तिच्यासाठी आखलेली वाट म्हाताऱ्या गुडघ्यांनाही मानवते. सौ.ने विजेरीवर चालणारी सायकल भाड्याने घेतली, मी साधीच घेतली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यांत कपडे, औषधे, खाकरे आणि मेतकूट.

भोजनाची चिंता वाटत होती, ती फारशी उरली नाही. चीज बनविताना बहुतेक ठिकाणी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, म्हणून ते वर्ज्य केले. पण पाव, फळे आणि अक्रोड कोठेही मिळत. गावातील दुकाने दुपारी बंद होतात, तेव्हा खरेदी सकाळीच उरकावी लागे. गंमत अशी, की जूनमध्ये तेथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. सात वाजता जेवण उरकले, तरी अंगणात ऊन असे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम इतक्या सुखाने मायदेशीही क्वचितच पाळला गेला असेल.

माकोंकडून निघाल्यावर पहिल्याच दिवशी ब्वा-क्लेर नावाचा बोगदा लागतो. लांबी सुमारे सोळाशे मीटर. बाहेर जूनचे ऊन, आत मात्र अंगावर शाल घ्यावी असा गारवा. हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवतात, कारण त्या काळात तेथे वटवाघळे निद्रिस्त असतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून सायकलस्वारांनी डोंगरावरून वळसा घालावयाचा. हे ऐकून सौ. बोगद्यातून जाताना आवाजही न करता चालली. ‘यांना आपले नियम कोणी शिकवले?’ एवढेच तिने बाहेर आल्यावर विचारले.

बोगदा ओलांडला, की ग्रोन नदीचे खोरे उघडते. पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, दगडी कुंपणे, द्राक्षांचे मळे, आणि प्रत्येक गावात एक जुने दगडी चर्च. येथेच क्लुनी वसले आहे. ९१० मध्ये आक्वितेनचा ड्यूक विल्यम याने आपली येथील जागा एका मठासाठी दान दिली. दानपत्रात त्याने स्पष्ट लिहून ठेवले, की या मठावर आपला किंवा आपल्या वारसांचा हक्क राहणार नाही. पुढील दोन शतकांत या मठाच्या शाखा युरोपभर पसरल्या. १०८८ मध्ये तेथील मठाधिपती ह्यू यांनी जे चर्च उभारावयास घेतले, त्याची लांबी पुरी झाल्यावर सुमारे १८७ मीटर भरली. रोममधील सेंट पीटर्स नव्याने बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे मंदिर नव्हते.

एवढे बांधकाम कोणत्या पैशावर झाले, हा प्रश्न बँकेच्या माणसाला पडणारच. त्यातील मोठा आधार होता स्पेनमधील राजाचा. कास्तीलचा राजा आल्फोन्सो सहावा याने वडिलांनी सुरू केलेली वार्षिक देणगी दुप्पट करून ती दोन हजार सुवर्णनाण्यांवर नेली होती. पुढे हा ओघ आटला, खर्च मात्र चालूच राहिला. बाराव्या शतकातील मठाधिपती पीटर यांना शेतीचे उत्पन्न, स्वयंपाकघराचा खर्च आणि कर्ज यांचा मेळ घालण्यातच बरीच वर्षे घालवावी लागली. एका दात्याच्या भरवशावर कायमचा खर्च अंगावर घेऊ नये, हे आपल्या पेढ्यांवरचे जुने शहाणपण तेथे दगडात वाचावयास मिळते.

तरीही क्लुनीची वास्तू कर्जाने पडली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि १७९८ मध्ये ती माकों येथील व्यापाऱ्यांना विकण्यात आली. त्यांनी ती दगडाच्या भावाने घेतली होती. चर्चच्या मधोमध रस्ता काढला गेला, सुरुंग लावले गेले, आणि १८२३ पर्यंत गाड्या भरभरून दगड विकला गेला. आज तेथे त्या महामंदिराचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे. दक्षिणेकडील बाजूची एक भुजा आणि तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा. त्याखाली उभे राहून वर पाहताना मान दुखते. मग ध्यानात येते, की हा केवळ उरलेला तुकडा आहे. विसाव्या शतकात कोनंट या अमेरिकन अभ्यासकाने अनेक वर्षे उत्खनन करून मूळ वास्तूचे आराखडे तयार केले. जे विकावयास पाव शतक पुरले, ते कागदावर परत उभे करण्यास एका विद्वानाचे आयुष्य लागले.

त्या व्यापाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु मी तसे करणार नाही. विक्री कायदेशीर होती, सरकारला पैशाची निकड होती, आणि घेणाऱ्याने आपल्या वहीत नफाच लिहिला असेल. त्यांच्या जागी आपल्यापैकी कितीजण वेगळे वागले असते? त्यांच्यापुढे फक्त मोडीचा आकडा होता. पहिला आकडा मांडावयास कोणी पुढे आलेच नाही.

आता त्याच क्लुनीच्या वेशीवरून जाणाऱ्या लोहमार्गाकडे पाहा. मोटारी आल्या, प्रवासी घटले, गाड्या बंद पडल्या. पॅरिस–लियॉं ही अतिवेगवान गाडी १९८१ पासून याच टापूतून धावते, तिला या खेड्यांशी कर्तव्य नाही. रूळ उखडल्यावर उरली ती काही मीटर रुंदीची, कित्येक किलोमीटर लांबीची पट्टी. मोडीच्या हिशेबाने तिचे तुकडे करून शेजारच्या शेतकऱ्यांना विकणे हाच सरळ मार्ग होता. प्रत्येकाच्या शेतात एकदोन गुंठ्यांची भर पडली असती. तेथील जिल्हा प्रशासनाने तसे केले नाही. पट्टी अखंड राखून तीवर डांबरी वाट केली, आणि १९९७ मध्ये क्लुनी ते जिव्री असा सुमारे ४४ किलोमीटरचा हरित मार्ग खुला झाला. फ्रान्समधील अशा आरंभीच्या मार्गांपैकी हा एक होय.

या वाटेचे मोल तिच्या अखंडपणात आहे. मध्ये एक शेत जरी विकले गेले असते, तरी उरलेले सारे निरुपयोगी ठरले असते. सॅं-जांगूच्या जुन्या स्थानकापाशी बाकावर आम्ही खाकरे खात बसलो होतो. समोरून एक आजोबा नातवाला सायकल शिकवत गेले, पाठोपाठ पाव घेऊन घरी निघालेली एक बाई. हे उत्पन्न कोणत्या ताळेबंदात धरावे, याचा मी बराच वेळ विचार करीत होतो.

हा विचार मला केवळ प्रवासवर्णनासाठी सुचला नाही. आमच्या आजोबांची धान्याची पेढी गावच्या पेठेत आहे. पुढे ओटा, मग गादी, चौक, मागे वखार. आम्ही तिघे चुलतभाऊ तिचे वारस. धाकट्या भावाला व्यवसायासाठी पैशाची खरी निकड आहे, म्हणून भिंती घालून तीन हिस्से करावेत आणि ज्याने त्याने आपला विकावा, असे घरात ठरत आले होते. मूल्यांकनाचे काम अर्थातच माझ्याकडे आले. फ्रान्सहून परतल्यावर मी त्या कागदावर दोन्ही आकडे मांडले. तीन अरुंद गाळे झाले, तर चौक जातो, वखारीला रस्ता राहत नाही, आणि तिघांच्या हिश्शांची बेरीज अखंड पेढीच्या किमतीहून बरीच कमी भरते. दुसरा मार्गही लिहिला. धाकट्याचा हिस्सा आम्ही दोघांनी बाजारभावाने घ्यावा, निम्मी रक्कम रोख, उरलेली तीन वर्षांच्या हप्त्यांत द्यावी, आणि वास्तू एकसंध ठेवून भाड्याने द्यावी.

धाकट्याने कागद दोनदा वाचला. ‘दादा, मला पैसा हवा आहे, भिंत नको,’ असे तो म्हणाला. थोरल्या भावाने हप्त्यांविषयी अद्याप होकार दिलेला नाही, त्याचीही स्वतःची गणिते आहेत. पर्युषणात सर्वजण गावी एकत्र येऊ, तेव्हा निर्णय होईल.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा कागद या क्षणी कपाटात असेल. विकू नका, असे मी म्हणत नाही, कारण विकणे हा व्यापाराचा धर्मच आहे. फक्त मोडीचा आकडा लिहिण्यापूर्वी त्याच्या शेजारी अखंड वस्तूचा आकडाही लिहून पाहावा. निर्णय मग कोणताही होवो.