तीन आधी, साठ मागून

वाकोला पुलाजवळच्या रिचार्जच्या दुकानात गिऱ्हाईक मराठीत मोबाइल नंबर सांगू लागले की दुकानदाराचे बोट क्षणभर अधांतरी राहते. ‘त्रेसष्ट’ म्हणताना कानावर आधी तीन पडतो, दाबायचा असतो सहा. साठ ऐकू येईपर्यंत तो तीन मनात धरून ठेवावा लागतो.

प्रोसेसरांनाही हा प्रश्न सोडवावा लागतो. इंटेलचा १९७६चा ८०८५ महाराष्ट्रातल्या डिप्लोमाच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी किटवर हाताळला. उत्तर ९००० या पत्त्यावर ठेवायचे, तर कीपॅडवर दाबायचे ३२, मग ००, मग ९०. ३२ ही आज्ञा; पत्ता सोळा बिटांचा, बाइट आठ बिटांचा, म्हणून पत्त्याचे दोन तुकडे, आणि त्यातला धाकटा आधी. सवयीने ९० आधी दाबले की उत्तर भलत्याच पत्त्याकडे जाते, आणि ९०००वर जुनेच काहीतरी लाल अक्षरांत दिसत राहते.

यामागे हातचा आहे. बेरीज एककापासून सुरू होते, कारण हातचा डावीकडे सरकतो. डेटापॉइंट २२०० हे यंत्र एकेक बिट घेऊन बेरीज करी, म्हणून त्याला धाकटा बाइट आधी हवा असे. इंटेलचा ८००८ त्याच्यासाठी आखला गेला, आणि ती रीत पुढच्या पिढ्यांत उतरली.

मराठीत कोणता अंक आधी हा वाद २०१९मध्ये घरोघरी झाला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. विरोध विधानसभेपर्यंत पोहोचला. पण बदलामागचे कारण साधे होते: सहा-सात वर्षांचे मूल ‘त्रेसष्ट’ ऐकून आधी ३ लिहिते आणि ३६ करून बसते. त्रेसष्ट, सत्तेचाळीस, अठ्ठ्याण्णव हे शब्द गोड आहेत, पाढ्यांची लय त्यांच्यावरच उभी आहे. ते जाऊ नयेत. तरी अडखळणाऱ्या मुलाला ‘साठ तीन’ म्हणून हात देण्यात भाषेचे काहीच उणे होत नाही. पाढा म्हणताना त्रेसष्ट, लिहायला शिकताना साठ तीन, असे दोन्ही एका घरात सुखाने नांदू शकते.

यंत्रांच्या जगातही दोन्ही रीती टिकल्या. मोटोरोलाचा ६८००० थोरला बाइट आधी ठेवतो. पवईच्या आयआयटी मुंबईत घडलेला ‘अजित’ स्पार्क घराण्यातला, तोही थोरल्याला पुढे करणारा. खिशातल्या फोनमधला आर्म प्रोसेसर बहुधा धाकट्यापासून सुरुवात करतो, आणि इंटरनेटचा नियम मात्र थोरला आधी. म्हणून वाकोल्यातला फोन एखादे साधे http पान मागवतो, तेव्हा त्याच्या स्मृतीत ५० ०० असा मांडलेला पोर्टचा क्रमांक बाहेर पडण्यापूर्वी ०० ५० असा उलटवला जातो.