ताप उतरला म्हणजे बरं वाटलं असं नाही

नंदुरबार,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बेबीस,


काल फोनवर तू म्हणालीस, "अक्का, ताप गेला, आता मी बरी आहे." मागे नळ सुरू होता, बादली सरकवल्याचा आवाज येत होता. म्हणजे धुणं काढलं होतंस! फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र. बोटं अजून आखडलेली आहेत, अक्षर लावून घे.

डेंग्यूचा ताप उतरला की घरातले सगळे सुटलो म्हणतात, आणि नेमके तेच एक-दोन दिवस सगळ्यात जपायचे असतात. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रात्र म्हणू नकोस, दवाखाना गाठ. अंग ठणकतं म्हणून ब्रुफेन, अ‍ॅस्पिरीन घेऊ नकोस, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉल तेवढी चालेल. शहाद्याकडे पपईचे मळेच मळे, त्यामुळे इथे कुणाला डेंग्यू झाला की जो तो पानांची जुडी घेऊन दारात हजर. माया म्हणून घ्यावी. पण आजार ओसरला की प्लेटलेट आपोआप वाढतात. रसाच्या भरवशावर रक्ताची तपासणी चुकवू नकोस.

माझं दुखणं चिकुनगुनियाचं. ताप लवकर गेला, सांधे मात्र धरून राहिले. सकाळी मूठ वळत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बसल्यावर बोटं हळूहळू सुटतात. कुकरचं झाकण फिरत नाही, चादर पिळता येत नाही. आणि भाकरी! दादर ज्वारीचं पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळावं लागतं, तेव्हा कुठे ती थापताना चिरत नाही. तो जोर मनगटातून येतो, आणि माझ्या मनगटात तो उरलाच नव्हता. पहिल्या दिवशी पोराने परात माझ्यापुढून ओढून घेतली. त्याच्या भाकरीला कडेने सगळीकडे भेगा, मधे जाड, पण तव्यावर ती फुगली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आता रोज संध्याकाळी तोच थापतो. मी शेजारी बसून पाणी किती घालायचं ते सांगते.

तुझ्या दोन्ही बाळंतपणांत मायने सव्वा महिना तुला गार पाण्यात हात घालू दिला नव्हता. शेक, डिंकाचे लाडू, दुपारची झोप, सगळं ठरलेलं. "आणखी किती दिवस?" असं कुणी विचारलं नाही. तापातून उठलेल्या बाईला असा एक दिवसही कुणी लावून दिलेला नाही. अंग गार लागलं की ती बरी. पुरुष उठला की त्याला अशक्तपणा असतो, बाई उठली की तिला स्वयंपाक असतो. मला हे फार लागतं, बेबी. चिकुनगुनिया आपल्याकडे नवा नाही. १९७३ साली बार्शीत मोठी साथ झाली, मग कित्येक वर्षं तो दिसेनासा झाला आणि २००६ मध्ये राज्यात पुन्हा पसरला. त्या साली माय भिंतीला धरून उठायची आणि तशीच निंदायला जायची. गावातल्यांनी म्हटलं, वय झालं. तिचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयाइतकंही नव्हतं.

मी शिकवते त्या वर्गात धडगावकडची एक मुलगी आहे, तिला सिकलसेल आहे. आपल्या जिल्ह्यात पाड्यापाड्यांवर असे रुग्ण आहेत. अशा लेकराला ताप आला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा गारठा बाधला की विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडं असह्य ठणकतात. म्हणून ती पाण्याची बाटली हातातून सोडत नाही, आणि ताप दिसला की आशाताई तिला लगेच दवाखान्यात नेतात. तिची आई दिवाळी झाली की बारडोलीकडे ऊसतोडीला जाते. तापातून उठून मोळ्या उचलणाऱ्या त्या बाईला फडात कोण निजू देणार? तुला-मला निदान घर आहे, घरात चार हात आहेत. ते वापरायचे.

मच्छरांचं कामही घरच्यांवर सोपव. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. टाकी, माठ, कुलर, फ्रिजमागचा ट्रे, सगळं रिकामं करून घासणीने घासायचं. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडीसुद्धा कित्येक महिने टिकतात.

इथे पथाऱ्यांवर मिरची वाळते आहे. वारा गावाकडे वळला की आख्खी गल्ली खोकते, म्हणून दुपारी खिडक्या लावून पडून राहते. हो, दुपारची झोपते. सासूबाईंनीच अंथरूण घालून दिलं.

बुधवारी गल्लीतला एक पोरगा भुसावळ-सुरत गाडीने तिकडे येतो आहे. त्याच्याबरोबर दादरचं पीठ आणि मुगाची डाळ पाठवते. डाळीची खिचडी पातळ करायची, वर तूप. पीठ मात्र पाहुण्यांच्या, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या, हाती दे. भाकरी कशी थापायची ते माझा पोरगा त्यांना व्हिडिओवर दाखवणार आहे, संध्याकाळी सातला फोन करायला सांगितलं आहे.

तुझी,
अक्का