चौथी सीट आणि सुभेदाराची सून

फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी 1967 साली एक कोडं घातलं. ट्राम आवरेनाशी झाली आहे, एका रुळावर पाच कामगार आहेत, दुसऱ्यावर एक. चालकाने कुठे वळावं? जगभर नीतिशास्त्राच्या तासाला हे चालतं. माझ्या वर्गातल्या कल्याण-डोंबिवलीच्या मुलांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: रुळावर काम चालू होतं तर गाड्या थांबवून ब्लॉक का घेतला नव्हता? पुस्तकाच्या लेखी हे विषयांतर. मला तोच खरा प्रश्न वाटतो. चालकापुढे निवड येण्याआधी कुणीतरी कचेरीत बसून बरंच काही ठरवलेलं असतं, आणि कोडं नेमकं तेच झाकतं.

कॉलिंगवुड हा तत्त्वज्ञ ब्रिटनमधले रोमन अवशेष खणायचा. काय विचारून खणतो, त्यावर काय सापडेल हे ठरतं, असा त्याचा अनुभव. 1939 च्या आत्मचरित्रात त्याने तोच विधानांना लावला: प्रत्येक विधान कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्न कळल्याशिवाय विधान खरं की खोटं ते ठरवता येत नाही. शिकवण्याच्या माझ्या धंद्यात याहून कामाचं हत्यार मला मिळालेलं नाही.

कल्याणहून सुटणारी लोकल फलाटाला लागते तेव्हा बऱ्याच जागा आधीच गेलेल्या असतात. डोंबिवलीकर उलटे, म्हणजे कल्याणकडे येणाऱ्या गाडीतच, बसून आलेले असतात. हटकलं की म्हणतात, ‘पास कल्याणचा काढलाय.’ खरंच असतं ते. पण ते टीसीच्या प्रश्नाचं उत्तर. उभा राहिलेला माणूस विचारतोय ते निराळंच. उलट, तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यावं असं कुठल्याही नियमात नाही, तरी न सरकणाऱ्याकडे सगळा डबा बघतो. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली तेव्हा चौथ्या सीटचा हा हक्क नव्हता. नोकरी मुंबईत आणि परवडणारं घर इकडे, अशी वाटणी झाल्यावर तो आला. मालमत्तेच्या हक्कावर लिहिणारा तत्त्वज्ञ लॉक मी त्यानंतरच शिकवायला घेतो.

प्रश्न ओळखण्याचं सगळ्यांत अवघड उदाहरण कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या आसपासचं. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवलं, ही गोष्ट इथलं पोर शाळेत जाण्याआधी ऐकतं. समकालीन कागदांत या गोष्टीला आधार मिळत नाही. हे सांगितलं की काही चेहरे रागावतात. मग मी विचारतो, गोष्ट घडली नसेल तर तिच्यातलं मूल्य खोटं ठरतं का? ‘नाही’ असं लगेच उत्तर येतं. इतकं सोपं नाही ते. ‘असं वागावं’ एवढंच म्हणायचं असेल तर कल्पित गोष्टही पुरते. पण ‘हातात सत्ता असताना माणसं अशी वागली आहेत’ म्हणायचं तर पुरावा हवा. तो दुसरीकडे आहे. महाराजांविषयी कडवट लिहिणारा मुघल इतिहासकार खाफीखानसुद्धा, स्त्रियांना उपद्रव द्यायचा नाही असा त्यांचा नियम होता, हे नोंदवतो. वैऱ्याची साक्ष, ती कथेपेक्षा भारी.

सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’मध्ये हीच गोष्ट धरून महाराजांनाच दोष दिला. शत्रू जो नियम पाळत नाही तो आपण का पाळावा, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर मला पटत नाही. पण शाळेतली गोष्ट या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगितलेलीच नाही, हे आधी बघावं लागतं. नाहीतर दोघे एकमेकांना खोडतात असं वाटत राहतं.

सून मात्र दोन्हीकडे गप्पच आहे. परत गेल्यावर तिला घरात घेतलं का, असं विचारणारी एखादी मुलगी वर्गात निघतेच. मी कल्पनेने काही भरून देत नाही. 1864 पासून चालू असलेलं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय जवळच आहे. कुठल्या बखरीत ही सून आहे, कुठल्या नाही आणि ती बखर कुणासाठी लिहिली होती, एवढं शोधून ये म्हणून तिला तिकडे पाठवतो.