एक कोयता

दसरा झाला की आमच्या मेसमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "तुझे घरचे कोणत्या कारखान्याला?" बीडबाहेरच्या मित्रांना तो कळत नाही. आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती या कोयत्याला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोराचं लग्न लावलं की घरात आणखी एक कोयता वाढतो, हे गणित आम्हाला एम-वनच्या कितीतरी आधी येतं.

बारावीच्या सुट्टीत मी एका लग्नाला गेलो. नवरी माझ्या चुलत्याची पोर, नुकतीच नववी पास झालेली. माझं जुनं गाईड नेऊन तिने त्यावर स्वतःचं नाव टाकलं होतं, खाली 'दहावी अ'. काकूला मी हळूच विचारलं, एवढी घाई कशाला?

"आरं, आम्ही सहा महिने फडात. म्हातारीच्या जिवावर तरणी पोर ठिवू का? अन् संगं न्यावी तर कोपीला दार तरी असतंय का?"

खोटं नव्हतं ते. कोपीत मीही राहिलोय. मी गप्प बसलो, पंगतीत बुंदी वाढली आणि खाल्लीसुद्धा.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, की 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात अशा लग्नाला हजर राहणंही गुन्ह्यात धरलंय, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि अठरा वर्षांखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, असं 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. म्हणजे काकू ज्याला भीत होती, तेच आम्ही अक्षता टाकून पोरीच्या वाट्याला दिलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या साधारण 44 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातल्या एकीच्या लग्नाचा मी वाढपी. ती आता फडात मोळ्या बांधते.

गेल्या उन्हाळ्यात रूम पार्टनरच्या मामाच्या पोरीची सुपारी फुटली. दहावीचा निकालही लागला नव्हता. पार्टनर रात्रभर कॉटवर बसून. "मामाला कळलं तर दारात उभं करणार नाही." शेवटी माझ्या मोबाईलवरून 1098 लावला. फुकट लागतो, चोवीस तास. गाव, शाळा, लग्नाची तारीख विचारली. आमच्या नावाची सक्ती केली नाही. हळदीच्या दिवशी ग्रामसेवक पोलिसांना घेऊन पोचले (गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात). आईबापाकडून लिहून घेतलं.

पण काकूचा प्रश्न राहिलाच होता, पोर ठेवायची कुठं? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली, तिथला फॉर्म आणला. तो भरायला मामा आमच्याच रूमवर आला. चहा पिता पिता म्हणाला, "फोन करणारा घावला पाहिजे एकदा."

पार्टनरने मान खाली घातली आणि फॉर्मवर पोरीचं नाव लिहिलं.